ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत ओट्स-बेदाण्याचे फ्रॉस्टिंगवाले बार : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

ओट्स-बेदाण्याचे बार हा बेकिंगमधला सगळ्यात सोपा प्रकार समजला जातो, आणि तो सोपा आहेही. केकसारखं फुगवायचं नाही, कुकीसारखे गोळे करायचे नाहीत. सगळं एका पातेल्यात कालवायचं, टिनमध्ये थापायचं, भाजायचं, वर फ्रॉस्टिंग लावायचं आणि वड्या पाडायच्या. तरीही आपल्याकडे पहिला घाणा हमखास बिघडतो. मधला भाग चिखलासारखा राहतो, कडा दगड होतात किंवा फ्रॉस्टिंग ओघळून डब्याच्या तळाशी जमा होतं.

कारण जवळजवळ प्रत्येक वेळी एकच असतं : पाणी आणि उष्णता. इंटरनेटवरच्या बहुतेक कृती थंड, कोरड्या हवेच्या देशांत लिहिलेल्या असतात. तिथलं 'रूम टेंपरेचरचं बटर' म्हणजे साधारण २० अंशांचं. आपल्याकडे खाडीकाठी मे महिन्यात स्वयंपाकघरात ३४-३५ अंश असतात आणि बटर ओट्यावर ठेवलं की अर्ध्या तासात त्याचं तूप व्हायला लागतं. पावसाळ्यात ओट्स सादळतात, पिठीसाखरेचे खडे होतात. म्हणून खालची कृती याच हवेचा हिशेब धरून दिली आहे. प्रमाण ८ इंची चौकोनी टिनचं, १६ वड्यांचं.

१. आधी ओव्हन आणि विजेचं बघा

ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) असेल तर उत्तम. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हही चालतो, पण कन्व्हेक्शन मोडवरच. पत्र्याचा टिन घालून चुकूनही मायक्रो किंवा कॉम्बी (मायक्रो आणि कन्व्हेक्शन एकत्र) मोड लावू नका, ठिणग्या उडतात. नुसता सोलो मायक्रोवेव्ह या कामाचा नाही. त्यात पदार्थ गरम होतो, भाजला जात नाही.

ओटीजी घेताना किंवा नव्या जागी लावताना त्यावरचे वॅट वाचा. १५०० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअरच्या वर वीज ओढतो, म्हणजे साधा ६ अँपिअरचा सॉकेट त्याला पुरत नाही. जुन्या इमारतींत ओट्यावर मोठा १६ अँपिअरचा सॉकेट बहुतेक एकच असतो आणि तो आधीच फ्रीजने किंवा गीझरने अडवलेला असतो. साधी एक्स्टेन्शन वायर लावून ओटीजी चालवू नका. वायर तापून वितळते.

ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यांवर पूर्ण विश्वास नको. १७५ वर ठेवला तरी आत १६० किंवा १९५ असू शकतात. जाळीला अडकवायचा छोटा ओव्हन थर्मामीटर केकच्या सामानाच्या दुकानात मिळतो. एकदा घ्या आणि आपला ओव्हन किती खोटं बोलतो ते कळलं की पुढे कायम तेवढा फरक धरून चला. बीटर, साचे, नोझल यांच्याआधी पैसे यावर घाला.

ज्या दिवशी देखभालीसाठी वीज बंद राहील असा मेसेज आलाय त्या दिवशी हा घाट घालू नका. भाजताना मध्येच वीज गेली तर दार उघडू नका. दहा मिनिटांत आली तर तेवढीच वेळ वाढवून काम भागतं. अर्ध्या तासाने आली तर सोड्याचा जोर गेलेला असतो. बार बसके होतील, पण चव जाणार नाही.

२. लागणारी साधनं

- ८ × ८ इंचांचा (२० सेंटिमीटर), २ इंच उंचीचा अ‍ॅल्युमिनियमचा टिन. चौकोनी नसेल तर ९ इंची गोल टिनचं क्षेत्रफळ जवळपास तेवढंच भरतं, वेळही तीच. ८ इंची गोल घेतलात तर थर जाड होतो, ४-५ मिनिटं जास्त लागतात.
- किचनचा वजनकाटा. कप-वाटीने मोजू नका. कुणाचा कप २४० मिलीचा, कुणाचा २५० चा, आणि मैदा दाबून भरला की त्याच कपात वीसेक ग्रॅम जास्त बसतो.
- मोजायचे चमचे : लहान म्हणजे ५ मिली, मोठा म्हणजे १५ मिली. चहाचा चमचा म्हणजे लहान चमचा नव्हे.
- बेकिंग पेपर. किराणा दुकानातला साधा बटर पेपर घेतला तर त्यालाही बटरचा हात लावा, नाहीतर तो वडीच्या बुडाला चिकटून येतो.
- मोठं पातेलं, सिलिकॉनचं उलथनं, बारीक चाळण, टूथपिक आणि टिन निववायला जाळी. जाळी नसेल तर ओव्हनमधलीच बाहेर काढून वापरा.

इलेक्ट्रिक बीटर बारसाठी लागत नाही. क्रीम चीजच्या फ्रॉस्टिंगला असला तर बरा.

३. सामान आणते वेळी

बारसाठी :

- रोल्ड ओट्स १३५ ग्रॅम
- मैदा ९५ ग्रॅम
- बटर १०० ग्रॅम
- ब्राउन शुगर १५० ग्रॅम
- अंडं १
- बेदाणे १०० ग्रॅम (कोरडे असतानाचं वजन)
- खाण्याचा सोडा अर्धा लहान चमचा, सपाट
- दालचिनी पूड १ लहान चमचा
- व्हॅनिला इसेन्स १ लहान चमचा
- जायफळ चिमूटभर, वाटलं तर

फ्रॉस्टिंगचं सामान पुढे त्याच्या टप्प्यात दिलं आहे.

*ओट्स.* पाकिटावर 'रोल्ड' किंवा 'जंबो' लिहिलेले घ्या. दुकानात सहज मिळणारं साधं पाकीट बहुतेक लवकर शिजणाऱ्या, पातळ लाटलेल्या ओट्सचं असतं. तेही चालेल, पण ते ओलावा झटकन पितात आणि बार घट्ट होतो. तसे असतील तर १३५ ऐवजी १२० ग्रॅम घ्या. स्टील कट ओट्स नकोत, भाजल्यावरही दाताला खड्यासारखे लागतात. मसाला ओट्सचं तर नावच नको, घाईत उचललं जाणारं पाकीट तेच असतं.

*ब्राउन शुगर.* आपल्याकडे या नावाखाली बऱ्याचदा जाड, कोरड्या, सोनेरी दाण्यांची डेमेरारा साखर मिळते. कृतीत अपेक्षित असते ती ओलसर, मुठीत दाबली की गोळा होणारी. दाणेदार साखर तशीच घातली तर विरघळत नाही आणि बार कचकचतो. मिक्सरला दोनदा फिरवून घ्या. त्याहून सोपा उपाय घरात आहे : १३० ग्रॅम साधी साखर आणि १ मोठा चमचा काकवी बोटांनी चोळून एकजीव करा. काकवीचा हलका आंबटपणा सोड्याला काम देतो, रंग येतो आणि बार दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. गुळाची पावडरही चालते, पण तिने बार गडद आणि थोडा ठिसूळ होतो. अनेकांना ती चव जास्त आवडते.

*बटर.* अमूलचं १०० ग्रॅमचं मिठाचं पाकीट बारमध्ये सरळ वापरा, प्रमाण त्याच हिशेबाने ठेवलं आहे. मग वेगळं मीठ घालायचं नाही. बिनमिठाचं घेतलंत तर पाव लहान चमचा मीठ घाला. फ्रॉस्टिंगला मात्र बिनमिठाचंच बटर हवं. तिथे खारटपणा लपत नाही.

*बेदाणे.* बिनबियांचे, मऊ, आकाराने सारखे घ्या. बिया असलेल्या काळ्या मनुका नकोत. सांगली-तासगावचे हिरवट-पिवळे बेदाणे दिसायला सुरेख असतात, पण तो रंग टिकवण्यासाठी त्यांना गंधकाची धुरी दिलेली असते, आणि द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून ती आधी डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवलेली असतात. धुतल्याशिवाय वापरू नका. चवीच्या दृष्टीने या बारला तपकिरी बेदाणे जास्त शोभतात, त्यांचा काकवीसारखा स्वाद दालचिनीशी जुळतो. वाशीला एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये सुक्या मेव्याची दुकानं ओळीने आहेत, ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात. पण घाऊक भावाच्या मोहात दोन किलो उचलू नका. पावसाळ्यात फ्रीजबाहेर ठेवलेल्या बेदाण्यांना वास यायला लागतो. नुसते १०० ग्रॅम हवे असतील तर कोपऱ्यावरचा वाणी बरा.

*दालचिनी.* जाड, कडक सालीची दालचिनी म्हणजे बहुधा कॅशिया. ती तिखट असते, पाऊण चमचाच घाला. पातळ पापुद्र्यांची, चुरगळणारी मिळाली तर पूर्ण चमचा. पूड शक्यतो घरी करा.

*अंडं नको असेल तर* जवस हा सगळ्यात चांगला पर्याय. १ मोठा चमचा कच्च्या जवसाची बारीक पूड ३ मोठे चमचे पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा. बुळबुळीत झाली की अंड्याच्या जागी घाला. दही (६० ग्रॅम, ताजं, घट्ट) वापरूनही बार होतो, पण तो केककडे झुकतो. जवसाचा बार चिवट-मऊ होतो, आणि बार तसाच हवा. चटणीसाठी भाजून ठेवलेली पूड इथे घेऊ नका, भाजल्यावर तिची पकड कमी होते.

४. बेदाणे फुलवा आणि कोरडे करा

हा टप्पा लोक गाळतात आणि तिथेच फसतात. कोरडा बेदाणा ओव्हनमध्ये आजूबाजूच्या मिश्रणातला ओलावा ओढून घेतो. बार भुसभुशीत होतो आणि वर आलेला बेदाणा करपून कडू होतो.

बेदाणे दोन पाण्यांनी धुवा. मग बुडतील इतकं कडकडीत पाणी ओतून झाकून ठेवा, १५ मिनिटं पुरे. रात्रभर भिजवायचे नाहीत, फुटून लगदा होतो. चाळणीत निथळा, तळव्याने हलकेच दाबा आणि सुती फडक्यावर पंख्याखाली अर्धा तास पसरा. हातात घेतला तर बेदाणा फुगलेला पण बाहेरून कोरडा लागला पाहिजे, फडक्यावर ओला डाग उमटता कामा नये. निथळलेले बेदाणे तसेच ओले टाकले तर मोठे दोन-तीन चमचे पाणी जास्तीचं जातं, आणि 'मधोमध शिजतच नाही' ही तक्रार तिथूनच येते.

पाण्याऐवजी गरम संत्र्याचा रस घेतला तर फार छान लागतो. बेदाण्यांना मैदा चोळून ठेवण्याची पद्धत केकसाठी आहे. हे मिश्रण इतकं घट्ट असतं की बेदाणे तळाशी जातच नाहीत, तो उद्योग सोडून द्या.

५. ओट्स परतून घ्या

जून ते ऑक्टोबर हे करायलाच हवं, एरवी ऐच्छिक. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ५-६ मिनिटं, पातळ पोह्यांचा चिवडा करताना पोहे भाजतो तसे, सतत हलवत. रंग बदलायची वाट बघू नका. खमंग वास आला आणि एक दाणा चावल्यावर कुरकुरला की गॅस बंद. पूर्ण गार होऊ द्या. त्यातले मूठभर, साधारण ३० ग्रॅम, मिक्सरला फिरवून जाडसर पीठ करा आणि परत त्यातच मिसळा. या पिठामुळे वडी सुबक कापली जाते. जवस वापरणाऱ्यांनी हे टाळू नये.

६. मिश्रण

ओव्हन आधी १७५ अंशांवर तापत ठेवा, ओटीजीला वरचा-खालचा असे दोन्ही रॉड चालू ठेवून पंधरा मिनिटं. कन्व्हेक्शनला पंखा असतो, म्हणून तिथे १६०-१६५ पुरेत. टिनमध्ये बेकिंग पेपर असा घाला की दोन बाजूंनी तो दोन इंच बाहेर लोंबेल. पुढे ते कान धरून अख्खी लादी उचलायची आहे.

बहुतेक कृती बटर-साखर फेसायला सांगतात. आपल्या हवेत त्याच्या नादी लागू नका. फेसलेल्या बटरमध्ये हवा धरून ठेवायची तर ते १८ ते २१ अंशांना असावं लागतं. ३२ अंशांच्या स्वयंपाकघरात ते फेसता फेसताच ओघळतं आणि भाजताना तेल सुटतं. सरळ वितळवून घ्या. बार मऊ-चिवट होतो, शिवाय बीटर धुवायला लागत नाही.

बटर मंद आचेवर नुसतं वितळवा, उकळू देऊ नका. साखर घालून मिनिटभर घोटा आणि बोट सहन करेल इतकं कोमट होऊ द्या. मग अंडं आणि व्हॅनिला घालून चकाकी येईपर्यंत फेटा. अंडं अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढलेलं असावं. गार अंड्याने बटर गोठून कण होतात, आणि बटर फार गरम असेल तर अंड्याची भुर्जी होते.

मैदा, सोडा, दालचिनी एकत्र चाळून त्यात घाला. सोड्याची गुठळी राहिली तर त्या घासाला साबणासारखी चव येते, म्हणून चाळणं चुकवू नका. मैदा दिसेनासा झाला की हात थांबवा. मग ओट्स आणि बेदाणे घालून उलथन्याने खालून वर कालवा. मिश्रण जाड, चिकट, उलथन्यावर उभं राहणारं हवं. ओघळत असेल तर बेदाणे ओले होते. दोन मोठे चमचे ओट्स वाढवा.

आता दहा मिनिटं तसंच ठेवा. ओट्स ओलावा पितात आणि बार एकसंध होतो. दही वापरलं असेल तर थांबू नका, सोडा लगेच कामाला लागलेला असतो.

७. थापणं आणि भाजणं

मिश्रण टिनमध्ये घालून ओल्या बोटांनी सारखं पसरा. घट्ट दाबायचं नाही, नुसतं समतल करायचं. कोपरे पातळ राहिले तर आधी करपतात, म्हणून मधल्यापेक्षा कोपऱ्यांत किंचित जास्त सरकवा. वर डोकावणारे बेदाणे बोटाने आत ढकला.

मधल्या जाळीवर ठेवा, २२ ते २६ मिनिटं. चौदाव्या मिनिटाला टिन फिरवा, कारण ओटीजीची मागची बाजू बहुधा जास्त तापते. वरून आधीच लाल व्हायला लागलं तर फॉइल सैल झाका.

कधी काढायचं? कडा सोनेरी-तपकिरी होऊन टिनपासून किंचित सुटल्या असतील, वरचा भाग ओला चमकत नसेल आणि मध्यभागी बोटाने दाबलं तर मऊ खळगा पडत असेल तेव्हा. टूथपिकला ओलसर भुगा लागलेला चालतो, कच्चं पीठ नाही. टूथपिक पूर्ण कोरडं येईपर्यंत थांबलात तर उशीर झाला. गरम टिनमध्ये बार आणखी दहा मिनिटं शिजत राहतो. पहिल्यांदा करणाऱ्यांना 'कच्चा राहिला' असं वाटून पाच मिनिटं वाढवायचा मोह होतोच. दगडासारख्या कडा त्या पाच मिनिटांच्या असतात.

ओव्हनच नसेल तर जाड कढईत मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, झाकण लावून ६ इंची टिनमध्ये निम्मं प्रमाण ३५-४० मिनिटं मंद आचेवर होतं. वरचा रंग येत नाही, पण फ्रॉस्टिंगखाली तो कुणाला दिसणार आहे?

८. गार होऊ द्या, खरोखर गार

टिनमध्येच वीस मिनिटं, मग कागदाचे कान धरून लादी उचला आणि जाळीवर ठेवा. दीड ते दोन तास लागतात. वरून गार लागलं तरी बुडाला हात लावून बघा. बूड कोमट असेल तर अजून थांबायचं. घाई असेल तर तासाभराने फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवा, पण गरम लादी थेट फ्रीजमध्ये सारू नका. वाफेचं पाणी धरतं आणि फ्रॉस्टिंग त्यावर टिकत नाही.

९. फ्रॉस्टिंग : ऋतू बघून निवडा

*क्रीम चीजचं.* या बारवर हेच सगळ्यात चांगलं लागतं. आंबटसर असल्यामुळे बेदाण्याच्या गोडीला तोल येतो. क्रीम चीज १०० ग्रॅम, बिनमिठाचं बटर ४० ग्रॅम, आयसिंग शुगर ८० ग्रॅम, व्हॅनिला अर्धा लहान चमचा. आधी मऊ बटर आणि साखर फेटून गुळगुळीत करा. मग क्रीम चीज फ्रीजमधून थेट काढून घाला आणि एकजीव होईपर्यंतच फिरवा, मिनिटभरही नाही. जास्त फेटलं की ते पातळ होतं, आणि पातळ झालेलं साखर घालून घट्ट करायला गेलात तर आणखी ढिलं पडतं. साखर ओलावा सोडवते. असं झालं तर भांडं पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा, दुसरा उपाय करू नका. क्रीम चीजऐवजी ब्रेडला लावायचं खारट चीज स्प्रेड घेणं ही नेहमीची चूक, डबे दिसायला सारखे असतात.

*चक्क्याचं.* श्रीखंडासाठी डेअरीत मिळणारा चक्का क्रीम चीजची जागा बऱ्यापैकी घेतो, पण नुसती पिठीसाखर मिसळलीत तर तासाभरात पाणी सुटतं. त्याला धरून ठेवायला चॉकलेट लागतं. १०० ग्रॅम पांढरं चॉकलेट वितळवून कोमट होऊ द्या. १५० ग्रॅम चक्का फ्रीजबाहेर काढून गारपणा गेलेला असावा, नाहीतर चॉकलेटच्या गुठळ्या होतात. थोडा थोडा चक्का घालत घोटा. वेगळी साखर नको. चक्का बोटांत दाबून बघा. पाणी दिसलं तर आधी फडक्यात बांधून दोन तास फ्रीजमध्ये टांगा.

*साधं आयसिंग.* आयसिंग शुगर १२० ग्रॅम, दूध ३ लहान चमचे, लिंबाचा रस १ लहान चमचा. दूध थेंबाथेंबाने घाला. चमच्यातून पडणारी धार दोन-तीन सेकंद वर दिसून मग विरली पाहिजे. अर्ध्या चमचा दुधाने ते पाणीदार होतं, तेव्हा एकदम ओतू नका.

मार्च ते जून साधं आयसिंग निवडा. फ्रीजबाहेर टिकणारं तेवढंच. पावसाळ्यात उलट : साखरेचं आयसिंग हवेतलं पाणी ओढून दिवसभर चिकट राहतं, म्हणून क्रीम चीज किंवा चक्क्याचं करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. डिसेंबर-जानेवारीत काहीही करा.

आयसिंग शुगर तयार पाकिटातली घेतली तर तिच्यात बहुधा कॉर्नफ्लोअर असतंच. घरी दळलेल्या पिठीसाखरेत १०० ग्रॅमला १ लहान चमचा कॉर्नफ्लोअर घालून पुन्हा फिरवा आणि सगळ्यात बारीक चाळणीने दोनदा चाळा. तरीही जिभेला कण लागत असतील तर ती साध्या आयसिंगला वापरा, क्रीम चीजला नको. दुधात कण विरघळतात, चीजमध्ये नाही.

फ्रॉस्टिंग लादीच्या मधोमध ओता आणि उलथन्याने कडेकडे ओढा. उलथनं मागे-पुढे घासलंत तर खालचा चुरा वर येतो. थर ४ मिलिमीटरचा पुरे. वर किंचित दालचिनी भुरभुरा.

१०. कापणं

फ्रॉस्टिंग लावल्यावर लादी फ्रीजमध्ये ४५ मिनिटं ठेवा. लांब सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा आणि वरून खाली सरळ दाबून कापा, करवतीसारखी ओढू नका. प्रत्येक कापानंतर पुसा. आधी चारही कडांची अर्धा सेंटिमीटर पट्टी काढून टाकलीत तर वड्या दुकानातल्यासारख्या दिसतात. त्या पट्ट्या घरात उरत नाहीत.

११. ठेवणं आणि नेणं

बिनफ्रॉस्टिंगचे बार हवाबंद डब्यात थंडीत ४-५ दिवस बाहेर टिकतात, पावसाळ्यात दोनच दिवस. मग फ्रीज. क्रीम चीज किंवा चक्का लावलेले कायम फ्रीजमध्ये, ३-४ दिवसांत संपवा, आणि खायच्या आधी पंधरा मिनिटं बाहेर काढा. गार बार कडक लागतो. अख्खी बिनफ्रॉस्टिंगची लादी क्लिंग फिल्म आणि फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये दोन महिने राहते.

लादी जाळीवर निवताना मुंग्यांचं भान ठेवा. परातीत पाणी, त्यात वाटी उपडी, वर जाळी.

लोकलने ऑफिसला न्यायचे असतील, मग ठाण्याहून ऐरोली का असेना, साध्या आयसिंगचेच न्या. क्रीम चीजचे न्यायचे तर फ्रॉस्टिंग वेगळ्या डबीत न्या आणि तिथे लावा. थरांमध्ये बेकिंग पेपर घाला, नाहीतर गर्दीत डबा आडवा झाला की सगळ्याची एक वडी होते.

१२. बिघडलं तर

मधला भाग खचला आणि कच्चा राहिला : ओव्हन पुरेसा तापला नव्हता किंवा बेदाणे ओले होते. फ्रॉस्टिंग लावलेलं नसेल तर १६० अंशांवर फॉइल झाकून ८-१० मिनिटं परत भाजा.

वडी कापताना भुगा होतो : लादी गरम होती किंवा ओट्स जास्त पडले. भुगा टाकू नका, आइस्क्रीमवर किंवा दह्यावर घाला.

कडा कडक झाल्या : डब्यात ब्रेडची एक स्लाइस ठेवून रात्रभर बंद करा. सकाळपर्यंत ब्रेड वाळतो आणि बार मऊ होतो.

तेलकट झाला, कागद ओला दिसतो : बटर उकळलं होतं, किंवा मैदा कमी पडला. पुढच्या वेळी काट्यावर मोजा. आत्ताचा बार फ्रीजमधून गार खा, तेलकटपणा बराच कमी जाणवतो.

साबणासारखी किंवा तुरट चव : सोडा जास्त. अर्धा चमचा म्हणजे सुरीने सपाट केलेला, शिगोशीग नव्हे.

अजिबात फुलला नाही : सोडा जुना. चिमूटभर सोड्यावर लिंबू पिळा. जोरात फसफसला नाही तर ती डबी सिंक घासायला ठेवा.